बुजवलेल्या दाराची ओल

आमच्या पुढच्या खोलीच्या मागच्या भिंतीत पूर्वी एक दार होतं. वाटणी झाली त्या वर्षी आम्ही ते विटांनी बुजवलं आणि वर प्लास्टर केलं. दार गेलं, पण दाराचा आकार काही जाईना. दर वर्षी गणपतीच्या आधी रंग लावायचा, आणि दिवाळी येते न येते तोच बरोबर तेवढ्याच रुंदीत, जमिनीपासून कमरेपर्यंत, रंग फुगायचा. मग पोपडे धरायचे. मग रोज झाडताना सुपलीभर पांढरा चुरा. बाकीची भिंत गुळगुळीत आणि मधोमध हे असलं. आलेला पाहुणा खुर्चीत टेकला की त्याची नजर आधी तिकडेच जायची, आणि मी चहात साखर घातली की नाही तेच विसरायची.

लोक म्हणायचे, जुनं घर आहे, चालायचंच. मला चालणार नव्हतं. त्या भिंतीवर माझं एक काम अडलं होतं. ते काय होतं हे सांगायचं तर आधी माझा जळका स्वभाव सांगावा लागेल. तो काही लपवण्यासारखा राहिलेला नाही, आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे.

घर पनवेलच्या जुन्या गावठाणातलं. मागच्या दोन खोल्या आजेसासऱ्यांच्या हातच्या, दीड फूट जाडीच्या दगडी भिंतींच्या. पुढच्या दोन सासऱ्यांनी नंतर जोडल्या. त्यामुळे मूळ घराचं जे पुढचं दार होतं, ते घराच्या मध्ये आलं. वाटणीत पुढच्या खोल्या आम्हाला, म्हणजे थोरल्याला आल्या आणि मागच्या दिराला. दिराने मागच्या बोळात नवीन दार पाडलं, आणि मधलं बुजवायचं ठरलं. दोघा भावांत भांडण असं नव्हतंच. वाटणीच्या दुसऱ्या दिवशी दोघे आमच्याच टीव्हीसमोर मांडी घालून क्रिकेट बघत होते. वाकडं होतं ते आम्हा दोघी जावांचं, आणि तेही गॅसच्या दोन बर्नरवरून सुरू झालेलं.

वाटणीला चार माणसं बसली होती. सगळं ठरल्यावर मामेसासऱ्यांनी आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विचारलं, "बाय, तू कोनाकडं ऱ्हानार?" मी तेव्हा पदर सारखा केला. उत्तर मला माहीतच होतं. त्यांची खाट खिडकीजवळ लावायची, दम्याच्या गोळ्या फळीवर ठेवायच्या, एवढं माझं मनात ठरवूनही झालं होतं. चौदा वर्षं मी त्यांचं केलं होतं. दमा उठला की पाठ चोळली, वाफ दिली, केसांना तेल लावलं, करंजाला त्यांच्या माहेरी कोण आजारी पडलं तर डबे घेऊन एसटीने गेले. जाऊ येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. तिला तोवर भाकरी धड फुगवता येत नव्हती.

आई म्हणाल्या, "मी मागं ऱ्हानार, धाकट्याकडं."

एवढंच. का, कशासाठी, काही नाही. चार माणसांत माझं तोंड एवढंसं झालं. जाऊ खाली मान घालून बसली होती, पण ती हसतेय असं मला वाटलं. आजही वाटतं. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते पुढे बारा वर्षं थांबलं नाही.

कशाकशाचा म्हणून हेवा केला मी. आईंचा भाऊ करंजाहून सुकी मासळी पाठवायचा. आधी ती पिशवी माझ्या ओट्यावर उतरायची आणि मी वाटे करायचे. आता ती बोळातून मागे जायची, आणि संध्याकाळी जाऊ स्टीलच्या वाटीत जवला आणून द्यायची, वर ताटली झाकून. वाटी परत करताना रिकामी देऊ नये म्हणून मी तिच्यात साखर घालून द्यायची आणि प्रत्येक चमच्याला मनातल्या मनात एक शिवी मोजायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका यायच्या, "सासूबाई तुमच्याकडे नसतात का?" असं विचारायच्या. त्यांना ठाऊक असायचं हो. तरी विचारायच्या. मी म्हणायची, "मागे असतात, त्यांना पुढचा आवाज सोसत नाही." आमच्याकडे कसला आवाज? मुलगी अभ्यास करायची आणि नवरा तळोज्याच्या कंपनीतून आला की गप्प बसायचा.

त्यात ती भिंत. गवंड्याने दाराची जागा अर्ध्या विटेच्या जाडीने बुजवली होती, त्यामुळे तिथून पलीकडचं सगळं ऐकू यायचं. सकाळी मी देवाला दिवा लावायची तेव्हा पलीकडून आईंचं काहीतरी पुटपुटणं, मग तांब्याचा आवाज. मला वाटायचं, जाऊ त्यांना तोंड धुवायला पाणी देतेय. मग कपबशीचा आवाज. माझ्या हातात उदबत्ती असायची आणि कान भिंतीला. दुपारी दोघी टीव्ही बघायच्या. मालिकेतल्या सासूला दोघी मिळून नावं ठेवायच्या आणि हसायच्या. चौदा वर्षांत आई माझ्याबरोबर एवढ्या कधी हसल्या होत्या, ते मी आठवून बघायची. काही प्रसंग आठवायचे, पण पुरेसे नाहीत.

दर दिवाळीला मी आईंना जेवायला बोलवायची आणि म्हणायची, "आई, चार दिवस राहा की माझ्याकडे." त्या पोपड्यांकडे बोट दाखवायच्या. "तुज्या भिंतीला ओल हाय गो. मना दम्याचं दुखनं. भिंत सुकू दे, मंग यीन."

तर हे माझं काम अडलं होतं. भिंत सुकली की सासू माझ्याकडे येणार होती. मग मी ठरवलं, भिंत तरी राहील नाही तर मी तरी.

पहिली तीन-चार वर्षं नवऱ्याने काम केलं. त्याचं काम म्हणजे रविवारी पत्र्याच्या तुकड्याने वरवर खरवडायचं आणि डिस्टेंपरचा हात मारायचा. जेवायच्या वेळेपर्यंत भिंत पांढरी. दिवाळीत पुन्हा नकाशा. मी म्हटलं, "अहो, खालचं सुटं सगळं काढल्याशिवाय वरचं कसं धरेल?" तो म्हणाला, "मग तू कर." त्या वर्षी मग रंगारी लावला. माणूस कामाचा होता. त्याने दाराचा सगळा चौकोन घासला, प्रायमर दिला, लांबी भरली. लांबी म्हणजे खाचा-भेगा बुजवायचा मलम असतो तो, पातळ थर द्यायचा, वाळला की पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा द्यायचा. हाताने चाचपलं तर दार कुठे होतं ते कळू नये इतकी साफ भिंत केली त्याने. वर प्लास्टिक पेंट, फिकट पिस्त्याच्या रंगाचा. मी त्या संध्याकाळी मागे बोळात जाऊन आईंना सांगून आले. जाऊ म्हणाली, "बघायला येते हं ताई." आली, बघून गेली, म्हणाली, "छान झालीय." मला वाटलं, आता तुझ्या पोटात दुखू दे थोडं.

आईही आल्या. भिंतीला हात लावून म्हणाल्या, "पावसाला टिकली तर खरी."

पावसाला टिकली. गणपतीत टिकली. दिवाळीच्या फराळाला मी खाटही मांडली, नवी चादर घातली. आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी झाडायला वाकले तर खाली, जमिनीलगत, हाताच्या पंजाएवढा फोड. बोटाने दाबला तर आत पाणी. प्लास्टिक पेंटचं असं, की तो डिस्टेंपरसारखा भुगा होऊन पडत नाही, सालपटासारखा सोलून येतो. माझ्या हातात दीड फुटी सालपट आलं, मागे लांबीचा ओला थर लागलेला. मी ते तसंच हातात धरून जमिनीवर बसले आणि रडले. आई आल्या, खाट बघितली, भिंत बघितली आणि म्हणाल्या, "ऱ्हावू दे गो. पुडल्या साली." आणि परत मागे गेल्या.

त्या दिवसापासून मी ती भिंत दुसऱ्या कुणाला हात लावू दिली नाही.

पुढची पाच-सहा वर्षं प्रायमर, लांबी, रंग सगळं मीच केलं, आणि दर दिवाळीला तेच. शेवटी एका उन्हाळ्यात मी पत्रा घेऊन बसले. मुलगी कॉलेजात जायला लागली होती, दुपार माझीच होती. पदर खोचायचा, नाकाला ओढणी बांधायची आणि खरवडायचं. रंग, लांबी, प्रायमर, त्याखाली जुना डिस्टेंपर, त्याखाली प्लास्टर. प्लास्टरही खालच्या बाजूला भुसभुशीत झालं होतं, छिन्नी लावली की ढेप पडायची. विटा दिसेपर्यंत गेले मी. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "खजिना शोधताय का?" मी म्हटलं, "हो, सासूने पुरलाय." तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

विटा उघड्या पडल्या तेव्हा लक्षात आलं की एप्रिल संपत आला तरी त्या ओल्या होत्या. पाऊस गेला त्याला सहा-सात महिने झाले होते. गच्चीचं पाणी म्हणावं तर वरची अर्धी भिंत ठणठणीत कोरडी. नळाची पाइप त्या बाजूने जात नव्हती. मी बाजारात रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार कोकणी मुसलमान, वयस्कर, आखातात वीस वर्षं इमारतींच्या कामावर काढून आलेला. पाच-सहा वर्षं मी त्याच्याकडूनच प्रायमर आणि पॉलिश पेपर नेत होते, त्यामुळे तो मला ओळखायचा. त्याला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "भाभी, एवढी वर्षं तुम्ही रंग बदलताय. रंगाचं हे दुखणंच नाही. पाणी पिणाऱ्या भिंतीवर जगातला कुठलाही रंग धरणार नाही. उघड्या विटांवर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवा, दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतून थेंब आले, तर पाणी भिंतीतूनच येतंय."

"आणि आले तर काय करू?"

"मग माझ्याकडे येऊ नका. भिंतीच्या पलीकडे जा, पाणी कोण ओततंय ते बघा."

मी प्लास्टिक चिकटवलं. दोन दिवस कशाला, दुसऱ्याच सकाळी आतून थेंब ओघळत होते. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जाऊ. तीच. भिंत सुकली की आई येणार, हे तिलाही माहीत होतं. आईंनी ते तिच्यासमोरच मला कितीदा सांगितलं होतं. मग तिने काय करावं? पलीकडून पाणी सोडावं. माठ ठेवला असेल भिंतीला लावून, नाही तर भांडी तिथेच विसळत असेल. रोज सकाळी ऐकू येणारा तो तांब्याचा आवाज आठवला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं मी इकडे लांबी भरतेय आणि ही तिकडून तांब्या ओततेय. आई माझ्याकडे येऊ नये म्हणून.

तुम्ही म्हणाल, एवढ्या वर्षांत तुम्ही पलीकडची बाजू बघितली नव्हतीत का? नव्हती. जावेकडे गेले की मी बोळातल्या बाहेरच्या खोलीतच बसायची. ती आत बोलवायची, मी जायची नाही. आईंची खाट तिच्या घरात कशी मांडलीय ते मला बघायचंच नव्हतं. एकदा दारातून दिसलं होतं तेवढंच: दाराच्या जागी तिकडे खोलगट कोनाडा राहिला होता आणि त्याला फुलाफुलांचा पडदा. मला वाटलं, आत फळ्या मारल्या असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला दिवा न लावताच मी उठले. भिंतीला कान लावला. पुटपुटणं सुरू झालं तशी घराला वळसा घालून मागच्या बोळात गेले आणि दार न वाजवता आत शिरले. जाऊ गॅसपाशी होती. "ताई, एवढ्या सकाळी?" म्हणाली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ आतल्या खोलीत गेले. "बघू दे मला तुझे धंदे" हे शब्द तोंडावर आलेच होते.

पडदा बाजूला सारलेला होता. कोनाड्यासमोर आई उकिडव्या बसल्या होत्या. कोनाड्याच्या तळाशी जुन्या दाराचा उंबरा होता, सागवानी, वीतभर उंच, वापरून मध्ये झिजलेला. त्याच्या मागे लगेच माझ्या भिंतीच्या विटा. आईंनी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, हाताने चोळून धुतला, मग उरलेलं पाणीही त्यावरच सोडलं. ते पाणी कुठे वाहून जायला जागाच नव्हती. उंबऱ्यामागे साचलं आणि माझ्या डोळ्यांदेखत विटांनी पिऊन टाकलं. मग त्यांनी हळदीकुंकवाची बोटं लावली, एक फूल ठेवलं आणि हात जोडून पुटपुटायला लागल्या. कधी नव्हे ते मी ते शब्द नीट ऐकले. माझ्या नवऱ्याचं नाव होतं, माझ्या मुलीचं होतं, माझं होतं.

एवढ्या वेळात जाऊ मागे येऊन उभी राहिली होती. आईंनी मान वळवून बघितलं. "तू कवा आलीस?"

"आई, हे रोज करता?"

"मंग? सासूनं मना सोपलंय ते. ह्याच्यावरून मी माप लवंडून आत आले गो. दार बुजलं म्हनून काय झालं? उंबरा कुटं बुजलाय? तुज्या घराचंच दार हाय ते."

"मग माझ्या घरी का नाही आलात राहायला? भिंतीचं तर निमित्तच झालं ना?"

आईंनी माझ्याकडे नवलाने बघितलं, मी अगदी सोपी गोष्ट विचारतेय अशा नजरेने. "तूच नाय का बोललीस गवंड्याला, ह्यो तिकडंच ऱ्हावू दे म्हनून? उंबरा हितं ऱ्हायला. मंग मी कुटं जानार?"

हे मी विसरले होते. विसरले म्हणण्यापेक्षा, ते लक्षात ठेवण्यासारखं मला कधी वाटलंच नव्हतं. कुठल्या खोल्या कुणाच्या हे भावांनी आपसात आधीच ठरवलं होतं, म्हणून वाटणीची माणसं बसायच्या आधीच दार बुजवायला सुरुवात झाली होती. गवंड्याने विचारलं होतं, विटा कुठल्या बाजूला लावू? भिंत दीड फुटी, वीट अर्धी. इकडे लावली तर तिकडे कोनाडा, तिकडे लावली तर इकडे. मला पुढच्या खोलीत शोकेस ठेवायचं होतं, त्यासाठी सपाट भिंत हवी होती. मी म्हटलं होतं, "आमच्या बाजूने लावा. आणि तो उंबरा तिकडेच राहू दे, आमच्या हॉलमध्ये कशाला ठेचा खायला." आई तेव्हा ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांच्या कानावर सगळं पडलं. चार दिवसांनी वाटणीची माणसं बसली आणि त्यांनी धाकट्याचं घर सांगितलं. बारा वर्षं मी जावेला शिव्या घातल्या. सासू तिला मीच माझ्या हाताने दिली होती, एका शोकेसपायी. ते शोकेसही ओलीने सडलं म्हणून पुढे भंगारात काढलं.

पण माझा स्वभाव एवढ्यावर सुधारेल तर तो माझा कसला. आई देवासमोर बसल्या तशी मी जावेला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "विटा नाही तरी उघड्याच पडल्यात. दोन दिवसांचं काम आहे. इकडच्या काढून तुझ्या बाजूने लावू. तुलाही सपाट भिंत मिळेल, कपाट ठेव हवं तर."

तिने गॅस बंद केला. "ताई, कपाट नको मला. घरातलं दुसरं काहीही मागा. उंबरा मागू नका."

"का? तुझं काय जातंय?"

"तो गेला की आई जातील. मला काय कळत नाही?" तिचा आवाज चढला नाही, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. "बारा वर्षं इथे राहतात, माझ्या हातचं खातात. माझ्या बोळातल्या दाराला एकदा तरी त्यांनी कुंकवाचं बोट लावलं का, विचारा त्यांना. ते दार म्हणजे त्यांना भोक पाडल्यासारखं वाटतं. सकाळी उठल्या की तुमच्या घराचं दार धुतात, तुमच्या मुलीचं नाव घेतात. माझी लेक मागे उभी असते. माझ्या लेकीचं नाव सगळ्यांत शेवटी येतं. मी फरशी घातली तेव्हा म्हटलं, पाणी भिंतीत मुरतंय, ताईंच्याकडे ओल येत असेल. म्हणाल्या, मुरू दे. आणि तुम्ही दर वर्षी रंग लावून मला दाखवायला बोलावता."

तिला आयुष्यात पहिल्यांदा एवढं बोलताना ऐकलं. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. आधी आनंद झाला. इतकी वर्षं मी भिंतीच्या इकडे जळत होते आणि ती तिकडे, आणि तिला जळायला माझ्यापेक्षा चांगलं कारण होतं. घरी येताना बोळात मला एकटीलाच हसू आलं. वाईट वाटलं ते दुपारी, भांडी घासताना, आणि तेही थोडं.

आईंना मी एकदा विचारलं, "भिंत सुकली की येईन असं तुम्ही दर वर्षी कशाला सांगत होतात? मी खरवडून खरवडून हात फोडून घेतले." त्या म्हणाल्या, "तू येवढी हौसेनं रंग लावीत व्हतीस. मना वाटलं, तुला आवड हाय."

उघड्या विटा तशाच ठेवता येईनात, म्हणून मी पुन्हा प्लास्टर करून घेतलं आणि साधा चुना मारला. चुना निदान सालपटासारखा सोलून हातात येत नाही. पाणी बंद करा असं आईंना सांगायचा विचार मी केला नाही असं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं कदाचित. पण मग सकाळी त्या कोणाचं नाव घेणार होत्या, आणि कुठे बसून?

पुढच्या थंडीत त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली. दोन दिवस उंबरा कोरडा राहिला, म्हणजे माझ्या बाजूला तांब्याचा आवाज आला नाही, त्यावरून मला कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर काठी वाजली. "मोटे," आईंचा आवाज, "ये गो जरा मागं."

मी गेले. आई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. जाऊ आंघोळ करून, ओले केस बांधून, भरलेला तांब्या हातात घेऊन कोनाड्यासमोर तयार उभी होती. तिची लेक हळदीकुंकवाचा करंडा घेऊन बाजूला. घर तिचं, तांब्या तिचा, दोन दिवस सासूला उचलून मोरीपर्यंत तीच नेत होती. आईंनी तिच्याकडे हात केला. "दे तो तिला. थोरलीचा मान हाय."

जाऊ हलली नाही. क्षणभर वाटलं, ती तांब्या देणार नाही, आणि तिने दिला नसता तर मी काय बोलणार होते कुणास ठाऊक. मग तिने तो पुढे केला. तिच्या तोंडावर जे होतं ते मला ओळखू आलं. त्यासाठी मला दुसऱ्या कुणाकडे बघायची गरज नव्हती.

मी उकिडवी बसले. माझेही गुडघे आता कुरकुरतात. उंबऱ्यावर पाणी ओतलं, हाताने चोळलं, आईंच्या सांगण्याप्रमाणे आधी माझ्या घरातली नावं घेतली. मग जावेच्या लेकीचं नाव घेतलं, शेवटी नाही, मध्येच कुठेतरी. पाणी मागे साचून विटांकडे सरकायला लागलं.

जाऊ हळूच म्हणाली, "पुरे ताई. भिंत तुमचीच भिजतेय."

"भिजू दे," मी म्हटलं, आणि तांब्यात उरलं होतं तेवढं सगळं उंबऱ्यावर ओतलं.